उसवलेला आवाज

भोंगेकाकांचा आवाज गेला तेव्हा त्यांच्या बायकोने, टेलरबाईंनी, देवाचे आभार मानले होते, आणि त्यात काही चुकलं असं त्यांना आजही वाटत नाही. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की गळ्यातली गाठ काढायची तर स्वरयंत्रही जाणार. माणूस वाचेल, बोलणं नाही. बाईंनी विचार करायला घोटभर पाणी पिण्याइतकाही वेळ घेतला नाही. “माणूस द्या,” त्या म्हणाल्या, “आवाजाचं मी बघते.” आवाजाचं म्हणजे नेमकं काय बघणार, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

भोंगेकाकांनी अख्खी नोकरी बस डेपोतल्या एका काचेच्या खोलीत, माइकसमोर बसून काढली. भोंगा हे नाव ड्रायव्हर लोकांनी ठेवलेलं, आणि ते असं चिकटलं की चुकून दुसरीकडे गेलेलं टपालसुद्धा शेजारी ‘भोंग्यांकडचं’ म्हणून आणून द्यायचे. आवाजच तसा होता. डेपोच्या दुसऱ्या टोकाला पिशवीवर डोकं टेकून घोरणारा माणूस खडबडून उठायचा आणि झोपेतच आपल्या गाडीत जाऊन बसायचा, तेही बरोबर गाडीत. निवृत्त झाल्यावर काकांनी हा सगळा थाट घरी आणला. “घरातल्या सर्व प्रवाशांनी लक्ष द्यावं. चहाची गाडी आज उशिरा धावत आहे. गैरसोयीबद्दल स्वयंपाकघर अजिबात दिलगीर नाही.” मग शिवणाच्या मशीनवरून, मागे न वळता, बाई ओरडायच्या, “प्रवाशांनी स्वतः उठून गॅस पेटवावा!”

डेपोतली आणखी एक सवय घरी आली होती. ड्यूटी संपली की काका आवाजाची कळ शून्यावर आणून ठेवायचे. म्हणजे सकाळच्या पाळीच्या माणसाने बटण दाबल्याबरोबर भोंगे किंचाळू नयेत आणि प्रवाशांची त्रेधा उडू नये. घरातला रेडिओही ते असाच बंद करायचे, आधी कळ शून्यावर, मग बटण. दुसऱ्या दिवशी बाई रेडिओ लावायच्या, तो ढिम्म बोलायचा नाही, आणि बाईंचा पारा चढायचा. “अहो, हे घर आहे, डेपो नाही!” काका निर्विकार चेहऱ्याने सांगायचे, “शिस्त ती शिस्त.”

ऑपरेशननंतर ही सगळी जुगलबंदी एका दिवसात थांबली. गळ्याला पुढून एक छोटं भोक राहिलं, श्वास घ्यायला. त्यावर बांधायला बाईंनी मऊ सुती कापडाची झाकणं शिवली, साधी, चौकड्यांची, पट्ट्यापट्ट्यांची. काका त्यातून रोज एक निवडून बांधायचे, टाय निवडावा तसं. गळ्याला लावून बोलायचं एक गुणगुणणारं यंत्र हॉस्पिटलने दाखवलं होतं, पण जखमेभोवतीची कातडी अजून हुळहुळत होती; ते लावलं की डोळ्यांतून पाणी यायचं. बोलायला शिकवणारी थेरपिस्ट म्हणाली, थांबू या, सूज उतरू दे. तोवर लिहा.

म्हणून पाटी आली. सुरुवातीला काका हौसेने लिहायचे. पण पाटी लिहून होईपर्यंत समोरचा माणूस दुसरंच काहीतरी बोलू लागलेला असायचा. आणि बाई तर मशीनवर, खिडकीकडे तोंड करून बसलेल्या. पाटीवर कितीही मोठं अक्षर काढलं तरी ते पाठीला वाचता येत नाही. काका टेबलावर बोटं वाजवायचे, बाई वळायच्या, हातातली टीप वाकडी जायची. एके दिवशी पाटीवर त्यांनी लिहिलं, “मी काय दुकानावरचा बोर्ड आहे?” आणि पाटी कपाटाच्या मागे सारून दिली. त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही. मान हलवायची, बोट दाखवायचं, झालं.

बाईंनी मशीनच फिरवून घेतलं. खिडकीकडे पाठ आणि खोलीकडे तोंड. आता काका आरामखुर्चीतून नुसते सरसावले तरी दिसायचे. पण उजेड पाठीमागून यायचा आणि स्वतःचीच सावली सुईवर पडायची. काळ्या कापडावर काळा धागा घालताना तर नाकी नऊ यायचे. गिऱ्हाईक म्हणालं, बाई, अशी उलटी का बसता, तर त्या म्हणायच्या, वाऱ्याचा त्रास होतो.

खरी पंचाईत रविवारी व्हायची. लांब राहणाऱ्या लेकीचा फोन रविवारी यायचा आणि पूर्वी तो काकांच्या घोषणेशिवाय सुरूच व्हायचा नाही. “लक्ष द्या, लक्ष द्या! लेकीची गाडी फलाटावर लागली आहे!” आता फोन वाजला की काका उठून आतल्या खोलीत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. लेक विचारायची, “बाबा कुठेत?” बाई सांगायच्या, “झोपलेत.” लेकीला ते खोटं आहे हे कळायचं आणि बाईंनाही कळायचं की तिला कळलंय.

जीव वाचला त्यातच सगळं आलं, वर आणखी मागणं म्हणजे हावरटपणा, असं बाई स्वतःला बजावायच्या. पण एका दुपारी एक गोष्ट घडली. काका तास दोन तास समोर बसून होते आणि बाईंच्या लक्षात आलं की आपल्याला त्यांच्याशी बोलायचं सुचलंच नाही. आठवणही झाली नाही. काकांचं गप्प बसणं त्यांनी सोसलं असतं. पण ते आपल्या अंगवळणी पडतंय, ह्याची त्यांना भीती वाटली. आणखी काही महिन्यांनी आवाज परत आला तरी ऐकायची सवय राहिलेली नसेल, दोघांनाही. जे करायचं ते आत्ताच, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

पुढच्या तपासणीला काका आत असताना त्यांनी थेरपिस्टला बाहेर गाठलं. ती घाईत होती तरी थांबली. म्हणाली, “घरी कॉम्प्युटर आहे ना? त्यात एक प्रोग्राम टाका. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवतो. आपल्या भाषेतही वाचतो. फुकट मिळतो.” आणि खिशातल्या पेनने बाईंच्या औषधाच्या पाकिटावर त्याचं नाव लिहून दिलं. घाईतल्या माणसाने थांबणं म्हणजे काय, हे शिवणकाम करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. त्या तिच्यासाठी मनातल्या मनात हात जोडून बाहेर पडल्या.

कॉम्प्युटर होता. जुना, लेकीचा. विंडोज त्याला झेपेना म्हणून लेकीने त्यात लिनक्स घालून दिलं होतं, कळांवर आपली अक्षरंही चिकटवून दिली होती. बाई त्यावर गिऱ्हाइकांची मापं लिहून ठेवायच्या आणि गळ्यांचे नमुने बघायच्या. एवढाच संबंध. आता त्यांनी पाकिटावरचं नाव शोधून, जिथे ‘डाउनलोड’ दिसलं तिथे दाबलं. फाईल आली. तिच्यावर टिचकी मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली, पुन्हा आणली. संध्याकाळपर्यंत तीच फाईल एवढ्या वेळा येऊन पडली होती की स्क्रीनवर बटणांचा डबा सांडल्यासारखं दिसायला लागलं.

काका फिरायला गेले तेव्हा बाईंनी लेकीला फोन लावला. “बाबांना ताकास तूर लागू द्यायची नाही,” आधी बजावलं. “जमलं नाही तर त्यांची आशा मोडेल. मी त्यांना सांगितलंय की बिलं करायला शिकतेय.”

लेक घसा साफ करून म्हणाली, “आई, तू विंडोजसाठीची फाईल आणलीस. ती आपल्याकडे चालत नाही. लिनक्सला असं दुकानोदुकानी हिंडायचं नसतं. त्याचं एक मोठं कोठार असतं. आपण फक्त नाव सांगायचं, ते आणून देतं. सोबत जे लागेल तेही.”

“म्हणजे सूट सांगितला की अस्तर, बटणं, कॅनव्हास सगळं तेच आणणार?”

“अगदी तसंच. आता ती काळी खिडकी उघड, टर्मिनल. मी सांगते ते लिही. पहिला शब्द, सुडो.”

“हा सुडो कोण?”

“कोणी नाही गं. ‘मी ह्या घरची मालकीण आहे, माझं ऐक,’ असं कॉम्प्युटरला सांगायचं.”

“हे बरंय. माणसांनाही असं एका शब्दात सांगता आलं असतं तर!” बाईंनी चष्मा नाकावर घट्ट बसवला आणि एकेक अक्षर ठोकलं. एंटर. कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला. त्या लिहू लागल्या आणि काहीच उमटेना. अक्षर नाही, टिंब नाही, काही नाही. “कळा अडकल्यात,” त्या म्हणाल्या, आणि फोन बाजूला ठेवून शिवणाच्या मशीनचा ब्रश आणून कळांमधला कचरा साफ करत बसल्या. पलीकडे लेक ओरडून ओरडून दमली. शेवटी बाईंनी फोन उचलला तेव्हा ती हसत होती. “आई, कळा ठीक आहेत! पासवर्ड दिसत नाही, पण जातोय. मुद्दामच दाखवत नाही.”

“मग आधी सांगायचंस ना. आतल्या बाजूची तुरपाई. दिसत नाही, पण धरून ठेवते.”

“हो गं बाई, तुरपाई.”

ओळी भराभर वर सरकल्या. कोण कुठून काय आणतंय ते कळत नव्हतं, पण काहीतरी येत होतं खरं. शेवटी पुन्हा कोरी ओळ आली. झालं, लेक म्हणाली. बाईंना विश्वास बसेना. “पण हे बनवलं कोणी? पैसे कोण घेणार?”

“कोणीच नाही. ठिकठिकाणच्या लोकांनी मिळून लिहिलंय. आपापल्या वेळात. ज्याला लागेल त्याने घ्यावं.”

प्रत्येक कपड्याच्या आतल्या शिवणीला बाई एक जादा बटण टाचून द्यायच्या, न सांगता, न मागता. कोणाला सापडायचं, कोणाला नाही. असं बटण आपल्यालाही कोणीतरी टाचून ठेवलं होतं, ते आज सापडलं. “त्यांच्या हाताला यश येवो,” त्या म्हणाल्या. लेकीने आता काहीतरी लिहून बघ म्हटल्यावर त्यांना काय लिहावं ते सुचेना. मग बोटं आपणच चालली. लग्न झाल्यापासून दिवसातून शंभरदा तोंडून निघणारं वाक्य त्यांनी लिहिलं: अहो, ऐकताय का?

एंटर. काही नाही. पुन्हा एंटर. काही नाही.

“आवाज वाढवलेला आहे ना? कोपऱ्यात बघ, शंभर आहे का?” लेकीने विचारलं. होता, शंभर होता. तेवढ्यात जिन्यावर काकांची पावलं वाजली आणि बाईंनी फोन ठेवून दिला.

आता इथे बाईंच्या हातून जे झालं ते दुसऱ्या कोणाच्या हातून झालं नसतं. बाईंची कामाची रीत अशी की शिवण कुठे चुकली ते सापडत नसेल तर ठिगळ लावत बसायचं नाही, सगळं उसवायचं. मुळापासून. अर्धवट उसवलेल्या कपड्यासारखी वाईट गोष्ट नाही, असं त्या शिकायला येणाऱ्या मुलींना सांगायच्या. दुसऱ्या दिवशी काका फिरायला गेल्याबरोबर त्या पदर खोचून बसल्या. आणायची ओळ माहीत झाली होती, काढायची शोधून काढली. आधी तो वाचणारा प्रोग्राम काढला, पुन्हा घातला. गप्पच. म्हणजे दोष त्याच्याही खाली, कॉम्प्युटरच्या आवाजातच असणार. जिथून आवाज निघतो तो सगळा भाग काढायचा आणि नव्याने घालायचा. त्यांनी ओळ लिहिली. कॉम्प्युटरने भलीमोठी यादी दाखवली, ह्याबरोबर हेही जाईल, तेही जाईल, चालेल का? एखादं जास्त सावध माणूस तिथेच थबकलं असतं. बाईंना मात्र ते बरंच वाटलं. मळलेलं अस्तरही सोबत निघतंय तर निघू दे. त्यांनी ‘हो’ दाबलं, सगळं निघाल्यावर नीट बसावं म्हणून कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, आणि समोर नुसता काळा पडदा आला. चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत, बाण नाही. एका कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती.

मापं गेली असतील ह्याचंसुद्धा भान बाईंना राहिलं नाही. त्यांनी लेकीला फोन लावला, कामाच्या वेळी, आणि कळा ठोकायला हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

“आई, तू काय काय काढलंस?”

“सगळं. मुळापासून.”

“अगं आई…”

“रागावू नकोस गं. मला वाटलं नीट उसवून घालते.” आणि मग ऑपरेशनच्या दिवशीही न रडलेल्या बाई रडू लागल्या. “ह्यांच्यासाठी आवाज आणायला निघाले होते. डॉक्टरांना मोठ्या तोंडाने सांगून आले होते, आवाजाचं मी बघते म्हणून. आणि हा कॉम्प्युटर तरी बोलू शकला असता, त्यालाही मुका करून ठेवला. रविवारी तुझा फोन येतो आणि ते उठून जातात, मला बघवत नाही. मला त्यांचं ऐकायचंय गं. काहीही. नुसत्या चहाला नावं ठेवली तरी चालतील.”

दाराशी काका उभे होते. त्या दिवशी ते लवकर परतले होते, हातात पाव होता, आणि बाईंच्या रडण्यात त्यांची पावलं ऐकू आली नव्हती. ते किती वेळ उभे होते कोण जाणे. बिलं करायला शिकतेय असं सांगणारी बायको गेले काही दिवस कशाशी झुंजत होती, हे त्यांना आता कळत होतं. त्यांनी पाव खाली ठेवला, शिकणाऱ्या मुलींचं स्टूल ओढलं आणि बाईंच्या शेजारी येऊन बसले. फोन चालू असताना ते खोलीत थांबले, असं ऑपरेशननंतर पहिल्यांदाच होत होतं.

“आई? आहेस ना?”

“आहे. तुझे बाबाही आहेत.”

पलीकडे लेक एकदम कामाच्या सुरात आली. डोळे पुसत असणार, पण आवाजात येऊ दिलं नाही. “बाबा, बरं झालं आलात. आईला जरा धरून बसा, ती पुन्हा काहीतरी उसवेल. आई, घाबरू नकोस, मापं जागच्या जागी आहेत. वरचा कपडा गेलाय, कपाट शाबूत आहे. ती रेघ दिसतेय ना? तिथे नाव लिही, पासवर्ड लिही. मग सुडो.”

“मालकीण,” बाईंनी नाक ओढत काकांना समजावलं.

लेक अक्षरं सांगत गेली, बाई ठोकत गेल्या आणि काका स्क्रीनवर बोट ठेवून वाचत गेले. नोकरीभर गाड्यांचे नंबर वाचलेला माणूस. एक आकडा चुकला तर प्रवासी भलत्याच गावाला जातो, हे रक्तात मुरलेलं. एका ठिकाणी बाईंनी दोन शब्द जोडून लिहिले तर त्यांनी बाईंचा हात हलकेच धरला आणि मधल्या जागेवर बोट टेकवलं. पासवर्ड उमटेना तेव्हा त्यांनी कळांकडे संशयाने बघितलं. बाई घाईघाईने म्हणाल्या, “दिसत नाही, पण जातोय.” काकांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत बऱ्याच दिवसांनी थोडी थट्टा होती.

कोठारातून सगळं परत यायला बराच वेळ लागला. तोवर पाव खाऊन झाला, खिडकीतलं ऊन भिंतीवर सरकलं. कामावर असूनही लेकीने फोन ठेवला नाही. शेवटी पुन्हा चालू केल्यावर चित्रं आली, खिडक्या आल्या, मापं आली. वाचणारा प्रोग्रामही आला. बाईंनी काकांसमोर लाजत लाजत तेच वाक्य लिहिलं आणि एंटर दाबलं.

शांतता.

“शंभर आहे,” बाई खचून म्हणाल्या. “सगळं नवंकोरं घातलं, आवाज शंभरावर आहे. माझ्याच हाताला गुण नाही.”

काका कान देऊन बसले होते. मग त्यांनी कॉम्प्युटरच्या मागून निघालेली एक वायर बोटाने पकडली आणि तिच्यामागे जाऊ लागले. वायर टेबलावरून भिंतीला, भिंतीवरून फळीवर, फळीवरच्या कापडाच्या ताग्यांमागे गेली होती. काकांनी तागे बाजूला केले. मागे स्पीकरची छोटी पेटी होती, धुळीने भरलेली. त्यांचा हात तिच्या कळेपाशी गेला आणि थांबला.

ऑपरेशनसाठी भरती होण्याच्या आदल्या संध्याकाळी काकांनी ह्याच पेटीवर गाणी ऐकली होती. ऐकून झाल्यावर, नोकरीभराच्या सवयीने, कळ शून्यावर आणून ठेवली होती. ड्यूटी संपली की ठेवतात तशी.

ते वळले. त्यांचा चेहरा दप्तर विसरलेल्या पोरासारखा झाला होता. बाईंनी आधी कळेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला. “शिस्त!” त्या किंचाळल्या. “अहो, तुमची ती शिस्त! मी अख्खा कॉम्प्युटर उसवला ना हो!”

“काय झालं? आई, काय झालं?” फोनमधून लेक विचारत होती. काकांनी कळ फिरवली, पार टोकापर्यंत. बाईंनी एंटर दाबलं.

“अहो, ऐकताय का?”

सर्दी झालेल्या माणसाने पिंपात तोंड घालून म्हणावं तसा आवाज होता, ना चढ ना उतार. पण काय मोठा! फळीवरच्या कात्र्या थरथरल्या. काका दचकले, आणि मग त्यांचे खांदे हलू लागले. गळ्यावरचं पट्ट्यापट्ट्यांचं झाकण हवेने फडफडत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांच्या हसण्याला आता आवाज नव्हता, पण ते हसणंच होतं, ह्यात बाईंना तिळमात्र शंका आली नाही. फोनवर लेक हसत होती की रडत होती, तिचं तिलाच माहीत.

त्या दिवशी काकांनी स्वतः काही लिहिलं नाही. बाईंनीही विचारलं नाही. आपण दार उघडून दिलं, आता आत यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. पण रात्रभर त्यांच्या मनाला घोर लागून राहिला. एवढं करून ते त्या भसाड्या आवाजाला नाक मुरडून बसले तर? ज्यांचा आवाज डेपोच्या टोकापर्यंत जायचा त्यांनी हा आवाज आपला म्हणावा कसा?

सकाळी त्या स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. नळ सुरू, पाठ दाराकडे. काकांना चहा देऊन आल्या होत्या. आणि भिंतीपलीकडून, नळाच्या आवाजावर मात करत, तो भसाडा आवाज आला.

“घरातल्या सर्व प्रवाशांनी लक्ष द्यावं. चहा, पांचट, झाला आहे.”

बाईंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. आजवर त्यांच्या चहाला नावं ठेवणाऱ्याची धडगत नसायची. त्या पदराला हात पुसत, जवळजवळ धावत बाहेर आल्या आणि काकांना म्हणाल्या, “दुसरा करते! लगेच करते!” काका दोन बोटांनी पुढचं टाइप करत होते. कळा शोधायला वेळ लागत होता, पण बाई उभ्या राहिल्या, अजिबात मध्ये बोलल्या नाहीत. “नको,” पेटी म्हणाली. “आधी, बस. हा आवाज, अगदीच, टुकार आहे. पण, शब्दांमध्ये, स्वल्पविराम, टाकले, की बरा, बोलतो. शिकवीन, त्याला.” मग बराच वेळ कळा वाजल्या. “तू, आणलास. माझ्यासाठी, एवढं, कोणी, केलं नसतं. मी, दार लावून, बसलो, होतो. आभारी, आहे.”

“आभार कसले मानताय, मी काय परकी आहे?” बाई म्हणाल्या. पण ते वाक्य त्यांनी काकांना पुन्हा वाजवायला लावलं. दोनदा.

रविवारी फोन वाजला तेव्हा काका जागचे हलले नाहीत. त्यांनी वाक्य आधीच लिहून ठेवलं होतं, स्वल्पविराम मागेपुढे करून सकाळपासून तयार केलं होतं. बाईंनी फोन पेटीजवळ धरला. “लक्ष द्या, लक्ष द्या. लेकीची गाडी, फलाटावर, लागली आहे. बाबा, गाडीत, बसले आहेत.” पलीकडे लेक नुसती “बाबा, बाबा” करत राहिली. बाईंनीच मग विषय बदलला, म्हणाल्या, “अगं, ज्या लोकांनी हे लिहिलंय त्यांना कळवायची काही सोय असते का? कोणीतरी कळवायला हवं ना, की एका घरात लागलं म्हणून.” लेकीने सांगितलं की असते, आणि त्या तिघांनी मिळून दोन ओळी लिहून पाठवल्या. अनोळखी माणसांचे आभार मानायचे म्हणून बाईंनी आधी केस नीट केले, जसं काही ती माणसं त्यांना बघत होती.

संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करताना काकांचा हात सवयीने फळीवर गेला. बाई बघत होत्या. कळेला बोटं लागली, क्षणभर तिथेच राहिली आणि तशीच मागे आली. कळ होती तिथेच ठेवून काका खाली वाकले, शिवणाच्या मशीनची एक बाजू धरली आणि मानेने बाईंना दुसरी बाजू धरायची खूण केली. दोघांनी मिळून ते उचललं, धापा टाकत, मध्ये एकदा टेकवत, आणि पुन्हा खिडकीकडे तोंड करून ठेवलं.

सकाळी बाई मशीनवर बसल्या. उजेड समोरून येत होता, सुईचं नाक स्वच्छ दिसत होतं, आणि सबंध खोली पाठीमागे होती. त्यांनी काळ्या कापडावर काळा धागा घातला. टीप सरळ चालली होती. मागे दोन बोटांनी कळा वाजल्या.

“अगं, ऐकतेस का?”

“ऐकतेय,” मागे न वळता बाई म्हणाल्या. “बोला.”